खुंट्याला मिठी

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलांना नाही. देवापुढे उभा राहिलो की बाकीच्या चुका घाईघाईने कबूल करून टाकतो, आणि ही एक तोंडातच धरून परत फिरतो. तुम्ही मला ओळखत नाही, मी तुम्हाला ओळखत नाही. म्हणून कदाचित जमेल. ज्याला सांगायला हवं होतं तो आता ऐकायला राहिलेला नाही — आणि खरं सांगायचं तर तो होता तेव्हाही मी काही सांगितलं नसतं. भित्रा माणूस असाच असतो. त्याला मुहूर्त नेहमी उशिराचा सापडतो.

पण आधी मला डोंग्याचं सांगू द्या. ते सांगताना मला अजूनही आनंद होतो. पुढचं सांगताना होणार नाही.

छप्पन साली आमचा मुलूख मुंबई राज्यात गेला. त्याच्या पुढच्या उन्हाळ्याची ही गोष्ट. आम्ही आर्णीला राहत होतो, वडील पोस्टात होते. राज्य बदललं म्हणून लोक चावडीवर तावातावाने भांडत, पण वडिलांना त्याचं काही नव्हतं, पोस्ट दिल्लीचं! मी मॅट्रिक होऊन घरी बसलो होतो. आई जेवायला वाढताना म्हणायची, "खायले काळ अन् भुईले भार," आणि वर आणखी एक पोळी टाकायची.

सोमला माझा मित्र. अरुणावतीच्या पलीकडच्या तांड्यातला बंजारा. सातवीपर्यंत आम्ही एका बाकावर होतो. मग त्याने शाळा सोडली आणि बैल धरले. त्याचे पणजोबा बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरत. आता घरची पऱ्हाटी म्हणजे कपाशी होती, तूर होती. सोमलाला बैल कळत; नुसत्या पावलाच्या आवाजावरून कोणता बैल दुखावलाय ते तो सांगे. पाण्याशी मात्र त्या घराण्याचा संबंध एवढाच, की उतार कुठे आहे आणि बैल पाणी प्यायले का. माझ्या घराण्याचा तर तेवढाही नव्हता. आम्ही अंघोळीचं पाणीसुद्धा मोजून घेणारे.

आणि असल्या दोघांना डोंगा सापडला.

आधीच्या पुरात कुठून तरी वाहत आलेला, एका खोडातून कोरलेला, गाळात अर्धा रुतलेला. वरच्या गावांत विचारलं, खालच्या गावांत विचारलं, कोणी आपला म्हणेना. त्याला एक लांब चीर होती. आम्ही तीत चिंध्या कोंबल्या, सडकेच्या कामावरून मागून आणलेलं डांबर वर ओतलं. वल्हं कुठून आणायचं? आमच्या घरी लग्नाच्या पंगतीत भात हलवायचा लांब दांड्याचा लाकडी चाटू होता. तो मी पळवला. आई पुढे महिनाभर शेजारणीवर संशय घेत होती.

शिकवणारं कोणी नव्हतं. मासे धरणारे ढिवर होते, पण ते खालच्या अंगाला लांब. आणि त्यांना विचारायची आम्हाला लाज वाटे — दोन जवान पोरं, आणि पाण्यावर बसायला शिकवा म्हणून जायचं? मग आम्हीच शिकलो. डोहात, उन्हाळाभर, बुडत आणि खोकत.

पहिल्या दिवशी डोंगा जागच्या जागी फिरला. घाण्याचा बैल बरा, इतका फिरला. सोमला पुढे बसला होता. डावीकडे वळायचं म्हणून तो डावीकडे चाटू ओढी, आणि डोंगा उजवीकडे जाई. बैलाचा डावा कासरा ओढला की बैल डावीकडे येतो, हे त्याच्या हाडात मुरलेलं. तो डोंग्याला शिव्या देई, जीभ टाळ्याला लावून चुचकारी, एकदा तर त्याने त्याच्या पाठीवर थापही मारली. काठावर त्याची धाकटी बहीण जमणी धुणं धूत होती. हसून हसून तिच्या हातातलं लुगडं वाहून चाललं. "भिया, कासरा बांध त्याले!" ती ओरडली. भिया म्हणजे भाऊ, त्यांच्या बोलीत.

हळूहळू कळत गेलं. डोंग्याच्या कडेवर बसायचं नाही, तळाशी गुडघे टेकून बसायचं. चाटू ओढून झाला की शेवटी जरा बाहेर ढकलायचा, म्हणजे नाक सरळ राहतं. नजर चाटूकडे नाही, जिथे जायचं तिथे. यातलं काही मला सापडलं, काही त्याला. आणि आमच्यात एक रीत पडली होती. कोणी ठरवली नव्हती, पण मोडलीही नव्हती. ज्याला जे सापडेल ते त्याने त्याच संध्याकाळी दुसऱ्याला द्यायचं. सोमला तर रात्रीचं जेवण टाकून नदी ओलांडून यायचा, पोस्टाच्या मागच्या ओट्यावर बसायचा आणि हवेत हात फिरवून दाखवायचा, "असं नाई बे, असं." मला वाटायचं, मला सख्खा भाऊ असता तरी त्याने एवढं दिलं नसतं.

हे लक्षात ठेवा. ही रीत मी मोडली.

आषाढात नदीला पाणी आलं आणि आमचा डोह नदीत मिसळून गेला. तांड्यात तिजेची तयारी सुरू झाली. कुवार पोरी टोपल्यांत माती घालून गहू पेरतात, रोज पाणी घालतात, गाणी म्हणतात. मग श्रावणात ते कोवळे अंकुर खुडून मोठ्यांच्या पगडीत खोवतात आणि टोपल्या पाण्यात सोडतात. जमणीची ती शेवटची तीज होती. पुढच्या हंगामात तिचं लग्न होतं. सोमलाच्या मनात आलं, यंदा टोपल्या काठावर सोडायच्या नाहीत, डोंग्यातून भर धारेत न्यायच्या. पुढे तो, मागे मी, मधे जमणी टोपल्या घेऊन. आम्ही त्यावर किती बोललो! मी तर मनात धोतराऐवजी पायजमा घालायचंही ठरवून टाकलं होतं. गावात मला कोणी कशासाठी ओळखत नव्हतं, आणि आता साऱ्या तांड्यापुढे मी वल्हं मारणार होतो.

नदीच्या मधोमध एक काळा खडक होता. गुरं बांधायच्या खुंट्यासारखा उभा, म्हणून सगळे त्याला खुंटा म्हणत. पाणी वाढलं की धार थेट त्याच्यावर जाई.

सोमला निंदणाला गुंतला होता त्या दिवसांत मी एकटा डोंगा काढला. शहाणपणा नव्हता, चुळबुळ होती. धारेने मला आडवं धरलं आणि नेऊन खुंट्यावर आदळलं. मी इतका भ्यालो की समोर आलेल्या त्या खडकालाच मिठी मारली. डोळे मिटून, गाल त्याला लावून. आणि काय झालं? डोंग्याची धारेकडची कड वर उचलली गेली, पाणी तिच्याखालून निघून गेलं, आणि डोंगा खडकाला घासत अलगद सुटला. मी कोरडा होतो! मग काठाजवळच्या कमी पाण्यात, एका मुळीपाशी, मी पुन्हा पुन्हा करून पाहिलं. मुळीपासून दूर, धारेच्या बाजूला वाकलं की पाणी वरच्या कडेवरून आत शिरतं आणि डोंगा पालथा होतो. मुळीकडे वाकलं की सुटतो. ज्याची भीती वाटते त्याच्याच अंगावर रेलायचं — डोक्याला पटत नाही, पण तेच खरं.

आणि मला हेही तिथेच कळलं, की सोमला नेमकं उलट करणार. गाडीवाल्याची ती सवयच असते. कलत्या वाटेवर गाडी खाली झुकली की वरच्या अंगाला सरकून बसायचं. तो लहानपणापासून तसाच बसत आला होता.

मी ओल्या कपड्यांनी धावत तांड्याकडे निघालो. कधी एकदा सांगतो असं झालं होतं. विश्वास ठेवा, मी सांगायलाच निघालो होतो.

नायकाच्या घरासमोर माणसं बसली होती. नायक म्हणजे तांड्याचा पुढारी. त्याच्या शब्दाबाहेर कोणी जात नाही. मी कुडाच्या आडोशाला थांबलो, बैठक मोडेल तेव्हा सोमलाला गाठावं म्हणून. नायक म्हणत होता, "तीज हाय ते. डोंग्यात बाहेरचा माणूस नोको. पोरीसंग भाऊच लागते." सोमला काहीतरी बोलेल, मला खात्री होती.

तो बोलला. "हौ नायक, मी एकलाच नेतो. त्याले येते काय? माह्या मागं बसून राह्यते नुसता."

माणसं हसली. सोमलाही हसला.

तुमच्या बाबतीत असं कधी झालंय? ज्याच्याबरोबर पाणी प्यालो, आपल्याला जे सापडलं ते ज्याला तोंडातून काढून दिलं, त्याने चार माणसांत आपल्याला असं झटकून टाकावं? मी तसाच परत आलो. वाटभर ते हसणं माझ्या कानात होतं. नायकापुढे असंच बोलावं लागतं, वाद घातला तर टोपल्याच काठावर राहतात, हे आज मला कळतं. तेव्हाही कळत असावं. पण मला ते कळून घ्यायचंच नव्हतं. मला फसवलं गेलं होतं, आणि त्या रागात एक ऊब होती. मी ती सोडायला तयार नव्हतो.

दुसऱ्या दिवशी सोमला स्वतः आला. ओट्यावर बसला, पण हवेत हात फिरवले नाहीत. नायक नाही म्हणाला, एवढंच त्याने सांगितलं, खाली बघत. मग म्हणाला, "काल तांड्यात आलता म्हणे तू? जमणीनं पाह्यलं. काहून आलता?"

आता बघा. माझ्यापुढे दार उघडून ठेवलं होतं त्याने. एक वाक्य पुरे होतं.

मी म्हणालो, "काही नाही. सहज."

तो उठताना म्हणाला, "तू काठावर राह्य पण. तू काठावर असला त मले भेव नाई." त्यावरही मी गप्प राहिलो. तो मला रोज दिसत होता. मी रोज गप्प राहिलो.

तिजेच्या दिवशी नदी गढूळ आणि भरून होती. पोरी गात आल्या, टोपल्यांतले अंकुर हिरवे, जमणी नव्या कांचोळीत. तिने डोंग्यात पाय ठेवताना माझ्याकडे बघून हात हलवला. सोमलाने नीट काढला डोंगा. खरंच छान चालवत होता तो. मधोमध जाऊन टोपल्या सोडल्या, काठावर बायकांनी रडत गाणं उचललं. परतताना धारेने डोंग्याचं नाक ओढलं आणि तो आडवा झाला. आडवाच खुंट्याकडे चालला.

मला सगळं आधी दिसलं. कोणाच्याही आधी. तिथे ओरडायला वेळ होता. "खुंट्याकडं झुक!" — एवढंच. माझा आवाज पोचला असता, सोमलाने माझं ऐकलं असतं. माझ्या मनात काय होतं सांगू? तो बुडावा असं नव्हतं. त्याची फजिती व्हावी, एवढंच होतं. चार माणसांत. डोंगा पालथा व्हावा, तो भिजून काठावर यावा, आणि मी म्हणावं, मागं बसणाऱ्याला विचारलं असतंस तर! जमणी त्या डोंग्यात आहे, हे मला दिसत होतं. मी तोंड मिटून उभा राहिलो.

डोंगा आदळला. सोमला वर, धारेकडे झुकला, आणि जमणीलाही त्याने ओढलं. पाणी कडेवरून आत आलं. पुढचं मी मुळीपाशी आधीच पाहिलेलं होतं.

जमणी वाहत गेली. खालच्या वळणावर पोरांनी तिला झाडाच्या फांदीवरून ओढून काढलं. जिवंत होती, ओकत होती. सोमला वर आला नाही. भरलेला डोंगा खुंट्यावर दाबला गेला होता आणि मधे त्याचा पाय. डोकं पाण्याबाहेर येई आणि जाई. तेव्हा मी उडी मारली. मी पोचलो, खडकाला मिठी मारली, पायाने डोंग्याची वरची कड उचलली — मला माहीत होतं ना ती कुठे उचलायची! दोन हिसक्यांत डोंगा सुटला. मी सोमलाला धरून काठाला आणलं.

लोकांनी मला खांद्यावर घेतलं. नायकाने, बाहेरचा माणूस नको म्हणणाऱ्या त्या नायकाने, माझ्यापुढे पगडी काढली. सोमलाच्या आईने माझे गाल धरले आणि रडली. हुंदक्यांत काय काय म्हणाली, मला त्यातलं 'बेटा' एवढंच कळलं. कोणीतरी काठावर पडलेली टोपी माझ्या डोक्यावर ठेवली, आणि जमणीने मैत्रिणींकडे उरलेले अंकुर तीत खोवले. आणि मी ते खोवू दिले.

सोमलाचा गुडघा चुरा झाला होता. हाड बसवणाऱ्याने बांधला, पण पाय वाकडाच राहिला. वखरामागे त्याला पुन्हा चालता आलं नाही. नायकाने डोंगा फोडायला लावला आणि त्याचं लाकूड कोणी चुलीतही घातलं नाही. तांड्यात लोक म्हणू लागले, सोमलाने हट्टापायी बहिणीला बुडवलं असतं. तोंडावर कोणी बोलत नसे. पण तो पाण्याकडे पाठ करून बसायला लागला.

मी यवतमाळला मास्तर झालो. दर श्रावणात एस. टी.तून कोणाबरोबर तरी जमणीची पुडी यायची, ओल्या फडक्यात गुंडाळलेले अंकुर. लग्न होऊन ती सासरी गेली तरी पुडी यायची. बायको ते देवापाशी ठेवायची. मी त्या कोपऱ्याकडे जायचं टाळायचो.

मग काही वर्षांनी जमणीच्या लेकीची पहिली तीज आली. जमणी त्यासाठी माहेरी आली होती. तिने निरोप धाडला, मामाशिवाय कसं व्हायचं. मामा म्हणजे मी. आर्णीच्या स्टँडवर सोमला गाडी घेऊन आला होता. गाडी हाकणं तेवढं त्याला जमत होतं. पाऊस पडून गेलेला, नाल्याची वाट कललेली. गाडी झुकली तसा तो वरच्या अंगाला सरकला आणि शेजारची जागा थापटून मला म्हणाला, "इकडं ये, वर." मी सरकलो. गाडी सावरली.

मग बैलांकडे बघतच तो म्हणाला, "त्या दिवशी मी असाच बसलतो ना बे? वर." त्याने कासरा ओढला. "तू त एकटा बी डोंगा काढे त्या पाण्यात. तुले ठाऊक असन. माही चूक झालती काय? मले खरं सांग. जमणीले पाह्यलं का मले तेच वाटते. इतके वर्स झाले."

त्याने बैल थांबवले होते. रस्त्यावर कोणी नव्हतं. राग तर केव्हाच विझला होता. भूक नव्हती, घाई नव्हती, नायक नव्हता. मला अडवणारं तिथे काही नव्हतं, हे मी पुन्हा सांगतो.

मी म्हणालो, "नाही रे. बरोबरच बसला होतास तू. तसंच बसायचं असतं. नदीच वाईट होती."

तुम्हाला हे दयेचं बोलणं वाटेल. मीही अनेक वर्षं स्वतःला तसंच पटवत आलो. पण मी ते त्याच्यासाठी बोललो नाही. चूक काय झाली हे सांगितलं असतं, तर ती मला कधी कळली, हा पुढचा प्रश्न आला असता. सोमलाने बाहीने डोळे पुसले. "तू म्हणते त खरंच असन," म्हणाला. मग माझ्या पाठीवर थाप मारली, आणि तांडा येईपर्यंत गाणं म्हणत राहिला. इतक्या वर्षांत मी त्याला गाताना ऐकलं नव्हतं.

तांड्याच्या तोंडाशीच जमणी उभी होती, लेकीला पुढे घेऊन. पोरीच्या ओंजळीत अंकुर होते. आईने तिला खुणावलं तशी ती माझ्यासमोर येऊन टाचा उंच करून उभी राहिली, पण तिचा हात माझ्या टोपीपर्यंत पोचेना.

मी खाली वाकलो.